पाती कोण फिरवतं?

मराठवाड्यात हेलिकॉप्टर दिसतं ते बहुधा निवडणुकीत, नाहीतर मंत्र्यांच्या दौऱ्यात. तालुक्याच्या गावी एखादं मैदान रिकामं करतात, मधोमध फक्कीने गोल आखून त्यात 'एच' काढतात आणि टँकरने पाणी मारतात. पाणी मारायचं ते धुळीसाठी. हेलिकॉप्टर खाली येताना पात्यांखालून जो झोत निघतो, तो सगळी माती वर उचलतो आणि ऐन उतरण्याच्या वेळी पायलटला जमीन दिसेनाशी होते.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचं नाव अशाच एका दौऱ्यामुळे देशभर गेलं. २५ मे २०१७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेलं सिकोर्स्की एस-७६ जातीचं हेलिकॉप्टर उडाल्यावर काही क्षणांतच खाली आलं. वाऱ्याची दिशा बदलती आहे हे पाहून पायलटने पुन्हा उतरायचं ठरवलं आणि यंत्र तारांमध्ये अडकलं, असं त्या वेळी सांगण्यात आलं. आतले सहाही जण वाचले. त्या दिवशी टीव्हीवर ती दृश्यं पाहणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न पडला असेल: एवढं मोठं यंत्र, दोन इंजिनं, अनुभवी पायलट, तरी ते असं कसं बसलं?

त्या अपघाताचा निवाडा करणं हे माझं काम नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी लातूरच्या पठारावर हेलिकॉप्टरला काय झेपतं आणि काय नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. हा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पारा चाळिशीला गेला की इथली हवा, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ १५ टक्के विरळ होते. विरळ हवेत पात्यांना धरायला कमी हवा मिळते, इंजिनालाही जाळायला कमी हवा मिळते. म्हणजे ताकद जास्त लागते तेव्हाच ती कमी पडते. त्यात जागच्या जागी सरळ वर उठणं ही हेलिकॉप्टरची सर्वांत खर्चिक हालचाल. ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा पुढचा वेग मिळाला की त्याचं ओझं एकदम हलकं होतं. पण चारी बाजूंनी माणसं, झाडं, तारा असलेल्या मैदानात तो वेग घ्यायला जागाच नसते.

याउलट नांदेडचं विमान. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतल्या अगदी पहिल्या काही मार्गांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता, आणि त्यावर एटीआर-७२ हे पंखे लावलेलं विमान धावू लागलं. या विमानाला हवेत ठेवतात ते त्याचे अचल पंख. पंख स्वतः हलत नाहीत, म्हणून सगळं विमानच पुढे पळवावं लागतं. पंखावरून पुरेशा वेगाने हवा गेली तर उचल मिळते, नाहीतर नाही. उतरतानासुद्धा त्याला ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग राखावा लागतो, म्हणून ती लांबलचक धावपट्टी. वेग फार कमी झाला आणि नाक फार वर गेलं की पंखावरची हवा सुटते आणि उचल एकदम ढासळते. याला पायलट 'स्टॉल' म्हणतात. जमिनीपासून उंचावर असाल तर नाक खाली घालून वेग परत मिळवता येतो. जमिनीजवळ असाल तर वेळच मिळत नाही.

हेलिकॉप्टरने ही अडचण पंखच फिरवून सोडवली. यंत्र उभं असलं तरी पंख पळतोच आहे. त्यासाठी इंजिनाची जवळपास सगळी ताकद वरच्या रोटरमध्ये जाते. रोटर वरून हवा ओढून खाली फेकतो आणि यंत्र हवेत टांगल्यासारखं राहतं. पण इंजिन रोटरला एका दिशेने पीळ देतं तेव्हा तेवढाच उलटा पीळ धडावर येतो. तो मारायला शेपटीला छोटा उभा रोटर लावतात, आणि इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद त्यातच जाते. शेपटीचा हा रोटर बंद पडला, तुटला, तर धड गरगरायला लागतं.

इथे फुलसावंगीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं हे गाव माहूरपासून फार लांब नाही. तिथल्या एका तरुण वेल्डरने स्वतःच्या हिमतीवर हेलिकॉप्टर बांधलं. शाळा फारशी झालेली नव्हती, हातात कसब मात्र मोठं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी घेताना शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, मुख्य रोटरला लागलं, आणि मुख्य रोटरचा तडाखा त्याच्या डोक्याला बसला. तो गेला. त्या वेळी लोक हळहळले, काहींनी वेडेपणा म्हटलं. मला ते वेडेपणाचं वाटत नाही. ज्याच्या हातात इतकं कसब होतं त्याच्याजवळ, हेलिकॉप्टर हे घरी बांधण्याच्या यंत्रांपैकी सर्वांत अवघड यंत्र आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं, याचं दुःख मात्र आजही होतं. फिरणारी पाती हवी असतील, तर त्याहून कितीतरी साधं एक यंत्र शंभर वर्षांपासून आहे. त्याला शेपटीचा रोटर लागत नाही, गिअरबॉक्सची गुंतागुंत लागत नाही. त्याचं नाव ऑटोजायरो. हल्ली जायरोकॉप्टर किंवा जायरोप्लेन असंही म्हणतात.

लांबून पाहिलं तर ऑटोजायरो छोट्या हेलिकॉप्टरसारखंच दिसतं. वर दोन लांब पाती, खाली तीन चाकं, बसायला एक किंवा दोन जागा. पण मागे पाहिलं की विमानाला असतो तसा एक प्रोपेलर दिसतो. इंजिन त्यालाच जोडलेलं आहे. वरच्या पात्यांशी उड्डाणात इंजिनाचा काहीही संबंध नसतो. ती मोकळी आहेत, वाऱ्यावर फिरतात. माळेगावच्या जत्रेत मूल भिरभिरं हातात धरून पळतं तेव्हा भिरभिरं फिरवायला वेगळी शक्ती लागत नाही, पळणंच पुरतं. ऑटोजायरोत प्रोपेलर यंत्राला पळवतो, आणि पळण्यामुळे रोटर फिरतो.

यातलं बारीक यंत्रशास्त्र मला फार सुंदर वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. ऑटोजायरोचा रोटर किंचित मागे झुकलेला असतो. त्यामुळे पुढे जाताना हवा त्याच्या खालून शिरते आणि वरून बाहेर पडते. हेलिकॉप्टरच्या नेमकं उलट. आता एखाद्या पात्याचा विचार करा. त्याच्यावर येणारी हवा समोरून येतेच, पण थोडी खालूनही येते. पात्यावरची उचल नेहमी येणाऱ्या हवेशी काटकोनात असते. हवा खालून येत असेल तर ती उचल सरळ वर न राहता किंचित पुढे कलते, आणि तेवढा कललेला भाग पात्याला फिरण्याच्याच दिशेने ओढत राहतो. पात्याच्या मधल्या पट्ट्यात ही ओढ सर्वांत जास्त असते. टोकाकडचा भाग उलट हवेला अडवतो, रोटरचा वेग वाढू देत नाही. आत, मध्याजवळ, पातं इतकं हळू चालतं की त्याचा फारसा उपयोगच होत नाही. मधल्या पट्ट्याची ओढ आणि टोकाचा अडथळा जिथे बरोबरीला येतात, त्या वेगाला रोटर स्थिर होतो. पायलटला तो वेग सांभाळावा लागत नाही. रोटरच्या या आपोआप फिरण्याला ऑटोरोटेशन म्हणतात.

इंजिन रोटरला पीळ देत नाही, म्हणून धडावर उलटा पीळ येत नाही, म्हणून शेपटीचा रोटर नको. एका निर्णयातून किती गोष्टी सुटतात पाहा. आणि बदल्यात जे द्यावं लागतं तेही याच निर्णयातून येतं. ऑटोजायरो एका जागी तरंगू शकत नाही. रोटरमधून खालून वर हवा जायची असेल, तर यंत्र पुढे तरी चाललं पाहिजे किंवा खाली तरी येत असलं पाहिजे. तिसरा पर्याय नाही.

हे यंत्र सुचलं ते एका पडलेल्या विमानामुळे. स्पेनमधल्या मुर्सिया शहरात १८९५ साली जन्मलेल्या हुआन दे ला सिएर्वा याने तीन इंजिनांचं एक बॉम्बफेकी विमान बांधलं होतं. १९१९ मध्ये चाचणीत ते जमिनीजवळ स्टॉल होऊन कोसळलं. सिएर्वाने त्यावर मोठं इंजिन, लांब पंख असा नेहमीचा उपाय काढला नाही. विमानाचा वेग कितीही कमी झाला तरी पंखाचा वेग कमी होता कामा नये, हे त्याने मनाशी पक्कं केलं. पंखच गोल फिरत असेल तर विमान मंद झालं तरी पंख मंद होत नाही.

त्याची पहिली तीन यंत्रं मात्र धावतानाच एका बाजूला कलंडली. कारण आज कुठल्याही हेलिकॉप्टर पायलटला तोंडपाठ आहे, पण तेव्हा ते कुणालाच नीट उमजलेलं नव्हतं. आजच्या एका साधारण ऑटोजायरोचे आकडे घेऊ. रोटरचा व्यास ८.४ मीटर, मिनिटाला ३५० फेरे. म्हणजे पात्याचं टोक ताशी साडेपाचशे किलोमीटरने फिरतं. यंत्र स्वतः ताशी शंभरने पुढे चाललं आहे. तर जे पातं पुढच्या दिशेने येतंय त्याच्या टोकाला हवा ताशी साडेसहाशेने लागते, आणि जे मागे जातंय त्याला साडेचारशेनेच. उचल वेगाच्या वर्गाने वाढते. एका बाजूला उचल दुसऱ्या बाजूच्या दुपटीहून जास्त झाली, तर यंत्र उलटणारच.

सिएर्वाला उत्तर मिळालं ते एका छोट्या नमुन्यातून. त्याचं खेळण्याएवढं मॉडेल छान उडायचं, मोठं यंत्र मात्र उलटायचं. फरक शोधला तेव्हा दिसलं की मॉडेलच्या पात्यांचा कणा वेताचा होता, तो लवायचा. मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. मग त्याने प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं. पुढे येणारं पातं जास्त उचल मिळाली की वर उठतं, आणि वर उठताना त्याला लागणाऱ्या हवेचा कोन आपोआप कमी होतो. मागे जाणारं पातं खाली येतं, त्याचा कोन वाढतो. दोन्ही बाजू बरोबरीला येतात. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या हेताफे विमानतळावर त्याचं सी-४ उडालं. पुढच्या काही दिवसांतच एका उड्डाणात इंजिन बंद पडलं. नाक वर, उंची जेमतेम, एखाद्या विमानाचा तिथे चुराडा झाला असता. सी-४ हळूहळू खाली आलं आणि उतरलं. ज्या कारणासाठी यंत्र बांधलं, ते कारण इतक्या लवकर सिद्ध व्हावं, असं विमानविद्येत क्वचितच घडलं असेल.

१९२८ मध्ये सिएर्वाने स्वतः ऑटोजायरो चालवत इंग्लिश खाडी ओलांडली. १९३१ मध्ये एक ऑटोजायरो अमेरिकेच्या व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर उतरलं. १९३९ मध्ये फिलाडेल्फियात टपाल कार्यालयाच्या गच्चीवरून टपाल नेण्यासाठी ऑटोजायरो वापरलं गेलं. सिएर्वा ते पाहायला राहिला नव्हता. ९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून धुक्यात निघालेलं एक प्रवासी विमान घरांवर आदळलं, त्यात तो गेला. वय एकेचाळीस.

त्याच वर्षी जर्मनीत हेन्रिख फोके याचं एफडब्ल्यू-६१ हे हेलिकॉप्टर यशस्वीपणे उडालं. फोकेच्या कारखान्यात आधी सिएर्वाच्याच परवान्यावर ऑटोजायरो बनत होती, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत इगॉर सिकोर्स्की याचं व्हीएस-३०० जमिनीवरून उठलं. या सगळ्यांच्या रोटरच्या बुडाशी सिएर्वाच्या बिजागरीचा विचार आहे. पुढे सैन्याला जागच्या जागी तरंगणारं यंत्र हवं होतं. पैसा तिकडे गेला, आणि ऑटोजायरो मागे पडलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी रडार तपासून घ्यायला ते वापरलं, पण तेवढंच. पन्नाशीच्या दशकात इगॉर बेन्सन याने अमेरिकेत घरी बांधता येईल असा साधा उघडा जायरो आणला आणि हौशी लोकांनी ते जिवंत ठेवलं.

गंमत अशी की प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पोटात एक ऑटोजायरो दडलेलं असतं. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की पायलट ताबडतोब डाव्या हाताची कांडी खाली करतो. पात्यांचा कोन कमी होतो, यंत्र खाली यायला लागतं, हवा खालून वर शिरते आणि रोटर वाऱ्यावर फिरत राहतो. नेमकी ऑटोजायरोची अवस्था. जमीन जवळ आली की तोच साठलेला वेग वापरून पायलट शेवटचा धक्का सौम्य करतो. पण हे सगळं काही क्षणांत व्हावं लागतं. रोटरचा वेग एकदा फार पडला की परत येत नाही, आणि हेलिकॉप्टर कमी उंचीवर, वेगाशिवाय लटकलेलं असेल तर ही युक्ती करायला जागाच उरत नाही. हेलिकॉप्टर संकटात ज्या अवस्थेत जातं, त्या अवस्थेत ऑटोजायरो पहिल्या मिनिटापासून असतं. इंजिन गेलं तर त्याला काही बदलावं लागत नाही. ते फक्त खाली येतं.

आता उड्डाण कसं होतं ते जवळून पाहू. आजच्या दोन जागांच्या जायरोत पायलट आधी रोटरला थोडी चालना देतो. त्यासाठी इंजिनातून एक तात्पुरती जोडणी असते. रोटर मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेऊ लागला की जोडणी सोडायची, नियंत्रणाचा दांडा पोटाकडे पूर्ण ओढायचा आणि धावायला लागायचं. वारा रोटरखाली शिरतो, फेरे वाढतात, पुढचं चाक उचललं जातं. इथे घाई चालत नाही. नाक उचललेलं ठेवून दोन चाकांवर तोल सांभाळत वेग वाढू द्यायचा, मग यंत्र आपणहून जमीन सोडतं. साधारण शंभर मीटर धाव पुरते, उन्हाळ्यात जास्त. उतरताना मात्र दांडा ओढून यंत्र उभं केल्यासारखं होतं आणि चाकं टेकली की काही मीटरांत थांबतं. त्यानंतर नवशिक्यांचा एक धोका असतो: थांबलं म्हणून दांडा सैल सोडला, तर अजून फिरणारी पाती वाऱ्याने उचलली जाऊन यंत्राला कलंडवू शकतात. म्हणून दांडा पुढे, आणि रोटर ब्रेक लावून थांबेपर्यंत पायलट जागचा हलत नाही.

ऑटोजायरो स्टॉल होत नाही हे खरं, पण म्हणून ते निर्धोक आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. त्याचा मोठा धोका वेगळा आहे. वेगात असताना पायलटने दांडा झटकन पुढे ढकलला, तर यंत्र एखाद्या टेकाडावरून गेल्यासारखं होतं आणि क्षणभर रोटरवरचं वजन जातं. वजन गेलं की खालून येणारी हवाही जाते. पाती मंदावतात, आणि ती परत फिरवायला इंजिन जोडलेलंच नसतं. वरून मागचा प्रोपेलर पूर्ण ताकदीने ढकलतच असतो. त्याची रेषा यंत्राच्या वजनाच्या मध्याहून वर असेल, तर यंत्र नाकावर पालथं होतं. जुन्या घरगुती जायरोंमध्ये कितीतरी जण असे गेले. पुढे शेपटीला मोठी आडवी पट्टी लावून आणि इंजिन खाली आणून हा दोष बराच कमी झाला. दुसरी गोष्ट, नवीन पायलट दांडा मागेपुढे जास्त हलवतो आणि यंत्र डोलायला लागतं, डोलणं थांबवायला तो आणखी हलवतो. ही सवय शिक्षकाच्या बाजूला बसूनच जाते.

भारतात ऑटोजायरो फारसं दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडने हरिद्वारला पर्यटकांसाठी जायरोकॉप्टरच्या फेऱ्यांचा उपक्रम सुरू केला, हे अलीकडचं उदाहरण. मराठवाड्यात त्याचा उपयोग किती? माझं मत असं, की मे महिन्याच्या विरळ हवेत ते हेलिकॉप्टरपेक्षा समजूतदार ठरेल, कारण सरळ वर उठण्याची खर्चिक हालचाल ते करतच नाही. पैसाही कमी लागतो. मांजरा आणि गोदावरीच्या काठाने हळू उडत बंधारे पाहणं, वणवा शोधणं, वीजवाहिन्यांची पाहणी, अशा कामांना ते शोभेल. ही बरीचशी कामं आता ड्रोन करतो, हेही तितकंच खरं. आणि काही ठिकाणी ऑटोजायरो हा पर्यायच मानता येणार नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरनेच बाहेर काढावं लागलं. पाण्याने वेढलेल्या घराच्या छतावर तरंगत राहून माणूस दोराने उचलणं ऑटोजायरोला जमणारं काम नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत त्याची चाकं शंभर मीटर धावतील, याचीही आशा नको.

माझा जीव गुंतलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. फुलसावंगीसारखे हात या भागात पुष्कळ आहेत, गॅरेजमध्ये, लेथवर, ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत. नांदेडच्या विष्णुपुरीला श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. अशा ठिकाणी उडण्याचा प्रश्नच येऊ न देता ऑटोरोटेशन शिकता येईल. दीड-दोन मीटर व्यासाचा छोटा रोटर, त्याच्या मुळाशी बिजागरी, आणि तो सगळा एका पिकअपच्या हौद्यावर भक्कम खांबाला बांधलेला. रिकामा सरळ रस्ता, हौद्यात कुणीही बसायचं नाही, भोवती जाळी, पात्यांच्या पातळीत कुणाचं डोकं येणार नाही अशी उंची. गाडी ताशी तीस, चाळीस, पन्नास अशा वेगांनी न्यायची आणि प्रत्येक वेगाला रोटर मिनिटाला किती फेरे घेतो ते मोजायचं. मग रोटरचा मागचा कल दोन अंशांनी वाढवून पुन्हा मोजायचं, आणि बिजागरी घट्ट करून पुन्हा. तिसऱ्या वेळी खांबाला जो एका बाजूचा ताण बसेल तो खांबाला लावलेल्या ताण मोजणाऱ्या काट्यावर दिसेल, आणि सिएर्वाची पहिली तीन यंत्रं का कलंडली ते त्या आकड्यातच वाचता येईल.